चेंडू बाहेर जाईपर्यंत

मंगळवार, ५

म्हाताऱ्याला काल पोचवून आलो आणि आज सराव ठेवला. गोलकीपर म्हणाला, "कोच, एक दिवस तरी..." मी म्हटलं, "वस्तादांची आई गेली तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला आपल्याला मैदानावर बोलावलं होतं. विसरलास?" मग सगळे मुकाट्याने बूट बांधायला लागले.

सासरा गेला की जावई म्हणून रडायचं असतं आणि वस्ताद गेला की खेळाडू म्हणून. मला दोन्हीपैकी एकही धड जमलं नाही. सगळ्यांच्या देखत नुसता नाक शिंकरत उभा होतो.

आयुष्यभर तो याच क्लबचा लेफ्ट बॅक होता आणि नंतर याच क्लबचा कोच. दुसऱ्या क्लबची जर्सी कधी अंगाला लावली नाही. त्याने बूट खुंटीला टांगल्यावर त्याच्या जागी मी खेळलो, त्याच्या मुलीशी लग्न केलं आणि दोन वर्षांपूर्वी तो थकल्यावर कोचही मीच झालो. लोक म्हणतात, जागा सासऱ्याची, खुर्ची सासऱ्याची, पोरगीही सासऱ्याची, मग या माणसाचं स्वतःचं असं काय? म्हणोत. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आमच्याकडे सासराच दहावा ग्रह होता. समोर कायम अहो-जाहो केलं, निदान या वहीत तरी अरे-तुरे करू दे.

आमच्या बाकड्यामागे त्याचं प्लास्टिकचं क्रेट अजून पालथं पडलंय. मी कोच झाल्यापासून दर सामन्याला तो त्यावर येऊन बसायचा आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मी खेळायचो तेव्हा पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागतील इतक्या जोरात माझ्या नावाने ओरडायचा. नाव तरी कुठलं? "ए गोगलगायी!" हेच माझं बारसं. आणि मी कोच झाल्यावर हा माणूस मुका झाला! याचा अर्थ न कळायला मी काही दूधखुळा नाही. मी कोच म्हणून पसंत नव्हतो, सरळ आहे.

आज कुणीतरी ते क्रेट उचलून कोपऱ्यात ठेवलं होतं. मी सगळ्यांना झापलं आणि परत जागेवर आणून ठेवलं. चेंडू ठेवायला लागतं म्हणून, बाकी काही नाही.

बुधवार, ६

संध्याकाळी अध्यक्ष सासूबाईंना भेटायला आले. तीन दुकानांतून सोफे विकून माणूस क्लबचा अध्यक्ष झालाय, त्यामुळे बसण्यापूर्वी खुर्ची आधी दाबून बघतो. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आमचा शेवटचा सामना, तोही पहिल्या नंबरच्या क्लबशी. बरोबरी झाली तर आम्ही वरच्या गटात राहणार आणि हरलो तर खाली घसरणार. खाली गेलो तर माझीही उचलबांगडी ठरलेलीच.

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी आपण साहेबांचा असा सन्मान करू की लोकांनी बघत राहावं. सामन्याआधी एक मिनिट स्तब्धता, मोठ्या पडद्यावर फोटो, मागे संगीत. आणि दारात पुतळा."

सासूबाई म्हणाल्या, "स्तब्धता? त्यांच्यासाठी? अहो, जन्मभर या घरात एक मिनिट शांतता मिळाली नाही मला. आता मेल्यावर कसली देताय?"

"मग पुतळा तरी..."

"पुतळा कशाला? कावळ्यांना बसायला?"

बायको तोंडाला पदर लावावा तसा हातरुमाल लावून आत पळाली. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे.

मग सासूबाई म्हणाल्या, "सन्मानच करायचा तर क्लबाच्या पद्धतीने करा. त्यांची जागा सोडा."

ही पद्धत म्हाताऱ्यानेच पाडलेली. तो कप्तान असताना त्यांचा मधला बॅक सामन्याच्या आदल्या आठवड्यात वारला. स्तब्धता वगैरे काही नको म्हणाला. सामना दहा जणांनी सुरू केला आणि मधल्या बॅकची जागा रिकामी ठेवली, पहिल्यांदा चेंडू बाहेर जाईपर्यंत. चेंडू बाहेर गेला की अकरावा आत. अट एकच, आपण मुद्दाम चेंडू बाहेर मारायचा नाही. "तो चोरीचा शोक," असं म्हणायचा. तेव्हापासून आमच्यातलं कुणी गेलं की जागा सोडतात. गेटवरचा म्हातारा गेला तेव्हा गेट रिकामं सोडलं होतं आणि अर्धं गाव फुकटात आत शिरलं. पण गेली कित्येक वर्षं हे काम पडलं नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या सामन्यात तर कधीच नाही.

अध्यक्षांचा चेहरा पडला. "वहिनी, लेफ्ट बॅकची जागा? त्यांचा उजवा विंगर कोण आहे माहीत आहे ना?"

सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्याला सुसाट म्हणतो. नेमका त्याच बाजूने येतो. त्याच्यासमोर लेफ्ट बॅकची जागा मोकळी ठेवायची म्हणजे चोराच्या हातात तिजोरीची किल्ली.

"जावयांना सगळं माहीत असतं," सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "काय जावईबापू? तुम्ही कोच आहात. तुम्ही सांगा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "जागा सोडणार."

अध्यक्ष चहा न पिताच गेले.

शनिवार, ९

बोलून बसलो, आता निस्तर.

आज बायको औषधाच्या दुकानातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "खरं सांग, हे तू बाबांसाठी करतोयस की अध्यक्षांच्या नाकावर टिच्चून?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"आणि तिसरं?"

"तिसरं काय?"

"सासऱ्याच्या जिवावर कोच झाला म्हणणाऱ्यांना दाखवायचंय तुला."

बायको नको तिथे हुशार आहे. मी जेवायला बसलो.

खरं सांगायचं तर मलाच कळत नाहीये. माणसाने मला उभ्या जन्मात एकदा शाबास म्हटलं नाही आणि त्याच्यासाठी मी क्लब पणाला लावतोय. सुसाटसारखा विंगर अंगावर आला की मी घाबरून त्याच्यामागे धावायचो. तेव्हा म्हातारा रेषेवरून बोंबलायचा, "येऊ दे रे त्याला, गोगलगायी! येऊ दे! तो इथे आला म्हणजे कुठून तरी निघाला ना? तिकडे बघ!" आता जो माणूस चेंडू घेऊन अंगावर येतोय त्याला सोडून तो निघाला तिकडे कशाला बघायचं? मला कधी कळलं नाही आणि त्याने कधी नीट सांगितलं नाही. नुसती आरडाओरड.

सोमवार, ११

सराव म्हणजे फजिती. दहा जणांना खेळवलं. रिकाम्या जागेसाठी सगळ्यांना डावीकडे सरकवलं तर उजवी बाजू उघडी पडली. उजवीकडे झाकलं तर मधे भगदाड. चादर तोकडी, डोकं झाकावं तर पाय उघडे. सराव संघाच्या पोरांनी आमच्यावर गोलांचा पाऊस पाडला.

शिडी म्हणजे आमचा लेफ्ट बॅक, उंच आणि सुकडा, दिवसा लिफ्टा दुरुस्त करतो. तो रेषेबाहेर उभा राहून बघत होता. म्हणाला, "कोच, मला वाईट वाटतंय पण हसूही येतंय."

"हसू नकोस. सुसाट आल्यावर रडायचंय."

परतताना सासूबाईंकडे डोकावलो. न्हाणीघराचा नळ गळत होता तो बदलून दिला. वायसर पार झिजला होता. म्हटलं, "इतका कसा झिजला? नवाच तर बसवला होता."

"यांच्यामुळे," सासूबाई म्हणाल्या. "दर सामन्यानंतर घरी यायचे, न्हाणीघरात शिरायचे, नळ सोडायचे आणि ओरडत बसायचे. याला पुढे का काढलं, त्याला मागे का ठेवलं. मी म्हणायचे, अहो, मैदानावर बोला की! तर म्हणायचे, तिथे आता आवाज एकाचाच."

बघा! म्हणजे घरी येऊन माझ्या चुकांचा पाढा वाचायचा. इतका राग होता माझ्यावर. तरी मी त्याचाच नळ दुरुस्त करतोय.

गुरुवार, १४

सुचलं! अगदी दाढी करताना सुचलं, हनुवटी कापली.

रिकामी जागा झाकायचीच कशाला? सुसाटला येऊ द्यावं. मोकळं रान दिसलं की तो येणारच, आणि गुळाला माश्या लागाव्यात तसा त्यांचा उजवा बॅकही त्याच्यामागे वर येणार. म्हणजे त्या बॅकची जागा मागे ओस. तिथे आपला डावा विंगर, पतंग, नुसता थांबवून ठेवायचा. बचावाला मागे यायचंच नाही त्याने. सुसाटला आपला मधला बॅक कोपऱ्यात गाठणार, चेंडू काढून घेणार आणि लांब पतंगाकडे.

आज करून बघितलं. जमलं! एकदा नाही, पुन्हा पुन्हा जमलं. पोरं नाचायला लागली. मधला बॅक तर इतका तरबेज झालाय की शिटी वाजायच्या आधीच डावीकडे धावत सुटतो. गोलकीपर म्हणाला, "कोच, गोगलगाय न् पोटात पाय! हे कुठून काढलं?"

मी म्हटलं, "माझ्या डोक्यातून. मला कुणी शिकवलेलं नाही."

शुक्रवार, १५

अध्यक्षांनी दुकानात बोलावलं. नव्या सोफ्यावर बसवलं, त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. जरा हललं की चर्रचर्र.

"रविवारी अकराच्या अकरा जण सुरुवातीपासून मैदानात हवेत," ते म्हणाले. "नाहीतर सोमवारी तुम्ही या क्लबचे कोच नाही. भावनेच्या भरात क्लब बुडवायला दिलेला नाही तुमच्या हातात."

"आणि मी नाही म्हटलं तर? उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा कोच शोधणार?"

"तुमच्या सासऱ्यांनी असला उर्मटपणा कधी केला नाही."

मला हसूच फुटलं. या माणसाने म्हाताऱ्याला फक्त थकल्यावर पाहिलंय. म्हटलं, "साहेब, त्यांनी तुमच्या आधीच्या अध्यक्षांना ड्रेसिंग रूममधून बाहेर काढून आतून कडी घातली होती. मी निदान तुमच्या सोफ्यावर बसून बोलतोय."

उठलो तेव्हा प्लास्टिक पँटला चिकटून वर आलं. कुणाला दिसलं नसावं.

रेफरीला फोन करून विचारलं. दहा जणांनी सामना सुरू करायला त्याची हरकत नाही, आणि चेंडू बाहेर गेल्यावर तो हात करील तेव्हा अकराव्याने आत यायचं. म्हणाला, "पण कोच, असं कोण करतं?"

"आम्ही करतो," म्हटलं.

रविवार, १७

उशीर झालाय, तरी आजचं आजच लिहिणार.

मैदान खचाखच भरलं होतं. पडद्यावर म्हाताऱ्याचा फोटो लावलाच अध्यक्षांनी. स्तब्धतेची घोषणा सुरू झाली तर सासूबाई उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांच्या शेजारी माझी बायको, तीही वाजवायला लागली, मग ती रांग, मग सगळं मैदान. घोषणा करणारा बिचारा गप्प झाला.

शिडी माझ्याजवळ रेषेबाहेर उभा राहिला. मागे क्रेट. शिटी वाजली आणि आम्ही दहा.

पहिल्यांदा त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग सुसाटने इकडे तिकडे बघितलं, हसला आणि निघाला. मोकळ्या रस्त्याने यावा तसा आला. बापरे! गोलकीपरने पाय घातला म्हणून वाचलो, चेंडू आतच राहिला. पुन्हा आला. चेंडू काही केल्या बाहेर जाईना. एरवी रेषेबाहेर जाऊन जाऊन वैताग आणणारा चेंडू, आज मैदानाला चिकटून बसला. एकदा आमच्या मधल्या बॅकला चेंडू सहज बाहेर तडकवता आला असता. त्याने पाय उचलला, माझ्याकडे बघितलं आणि पाय खाली घेतला. मागून अध्यक्षांचा आवाज येत होता, "मार बाहेर! मार बाहेर, गाढवा!" नाही मारला. शाब्बास रे माझ्या वाघा.

मग सुसाट तिसऱ्यांदा आला आणि या खेपेला त्यांचा उजवा बॅकही मागोमाग आला. मी ओरडलो, "येऊ दे! येऊ दे रे त्याला! तो निघाला तिकडे बघा!" मधल्या बॅकने कोपऱ्यात सुसाटला गाठलं, चेंडू खेचून काढला आणि लांब हाणला. पतंग एकटा. समोर फक्त गोलकीपर. पतंगने त्याला एका बाजूला झोपवलं आणि दुसऱ्या बाजूने चेंडू जाळ्यात.

मैदान फुटलं. पाण्याच्या बाटल्या उडाल्या. आणि मी खांबासारखा उभा.

शिडी म्हणाला, "कोच, जाऊ आत?"

चेंडू रेषेपार गेला होता हे खरं. पण घातला कुणी? आपणच. आपण मुद्दाम बाहेर घालायचा नाही अशी अट आहे. मग गोल हा बाहेर धरायचा का? क्लबाच्या इतिहासात जागा मोकळी असताना आम्ही कधी गोलच केला नव्हता, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मी शिडीला म्हटलं, "थांब. हा गेला असं धरता येत नाही."

"कोच, रेफरी हात करतोय."

"थांब म्हटलं ना! नियम आहे."

नियम कसला डोंबलाचा. त्या मोकळ्या पट्ट्यात गवत होतं, ऊन होतं आणि कुणी नव्हतं. शिडी तिथे जाऊन उभा राहिला की म्हातारा खरंच गेला, एवढंच मला कळत होतं. स्मशानात आलं नाही ते रडू इथे यायला लागलं, सगळ्या मैदानादेखत. रेफरी घड्याळ दाखवत होता. अध्यक्ष कठड्यावरून वाकून काहीतरी किंचाळत होते. मला हलता येईना.

तेवढ्यात वरून आवाज आला. पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री भुंकतील असा.

"ए गोगलगायी! झोपलास का रे? घाल त्याला आत!"

सासूबाई. ज्यांनी लग्नाच्या दिवसापासून मला तुम्ही आणि जावईबापू याशिवाय हाक मारली नाही, त्या रेलिंगला धरून उभ्या होत्या, तोंड लालबुंद. "बघत काय राहिलास? जागा मोकळी आहे! घाल!"

मी शिडीच्या पाठीत थाप मारली. "जा."

तो गेला. जाताना वाकून त्या पट्ट्यातल्या गवताला हात लावला आणि जाऊन उभा राहिला, जिथे मी उभा राहायचो आणि माझ्याआधी म्हातारा.

पुढचं काय सांगू. आठवडाभर दहा जणांचा सराव केल्याचं फळ मिळालंच. सुसाट आला, शिडी त्याच्यासमोर उभा होता, तरी आमचा मधला बॅक सवयीने धावत तिकडेच! दोघं एकमेकांवर आपटले, मधे खिंडार, आणि गोल. बरोबरी. दहा होतो तेव्हा पुढे होतो, अकरा झाल्यावर घोटाळा. असं फक्त आमच्याच क्लबात होऊ शकतं.

मग शेवटपर्यंत नुसता जीव मुठीत. गोलकीपरने दोनदा वाचवलं, एकदा खांबाने. मी इतका ओरडलो की शेवटी तोंडातून हवाच यायला लागली. शिटी वाजली. एक-एक. वरच्या गटात राहिलो!

सगळे म्हणत होते, वस्तादनेच गोल केला. मी म्हटलं, काही नाही, पतंगने केला आणि डाव माझा होता.

सोमवार, १८

घसा पार बसलाय. डॉक्टर म्हणाला, चार दिवस बोलायचं नाही. बायकोने विचारलं, "चार आठवडे म्हटलं असेल, नीट ऐकलंस ना?"

अध्यक्षांचा फोन आला. मला काढण्याचं नावही नाही. वर्तमानपत्रात छापून आलंय, "जागा सोडणं ही आमच्या क्लबाची परंपरा आहे, अध्यक्षांचे उद्गार." आता म्हणे ते क्रेट काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पितळी पाटी. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "क्रेट बाकड्यामागेच राहील. हात लावून बघा." त्यांना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, मला पुन्हा म्हणावं लागलं.

दुपारी सासूबाईंकडे गेलो. "या जावईबापू, बसा तुम्ही." मी खुणेनेच कालचं विचारलं. "मी? छे! मी कशाला तुम्हाला अरे-तुरे करीन?" म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

संध्याकाळी घरी आंघोळीला गेलो. कालचा तो गोल डोळ्यांपुढून हलेना. मधल्या बॅकला फाडून खावंसं वाटत होतं. पण त्याला काय बोलणार? पोरगं आठवडाभर राबलंय, चेंडू बाहेर मारला नाही त्याने. आत्ता कुठे स्वतःच्या डोक्याने खेळायला लागलंय. मी चारचौघांत बोललो तर पुन्हा दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत बसेल. म्हणून तिथेच, भिंतीकडे तोंड करून, उरल्यासुरल्या आवाजात त्याला झाडलं. सगळं बोलून घेतलं.

बायकोने दार वाजवलं. "कोणावर ओरडतोयस?"

"कुणावर नाही."

"मग नळ कशाला सोडलायस?"

मी नळाकडे बघितलं. पूर्ण सोडला होता, पाणी धो धो वाहत होतं. तिला ऐकू जाऊ नये, कुणालाच ऐकू जाऊ नये म्हणून मीच सोडला होता.

दोन वर्षं. दोन वर्षं तो त्या क्रेटवर तोंड मिटून बसला आणि घरी जाऊन नळ सोडला, आणि मी काय काय समजत होतो.

बायको बराच वेळ दाराबाहेर उभी होती. मी नळ बंद केला.

उद्या सराव सकाळी सातला. सुट्टी कशी नाही म्हणून कुणी कुरकुर केली तर त्याने माझ्यासमोर येऊन करावी.